बहिष्कार आणि तडजोड



२०२४ सालच्या सप्टेंबर महिन्यात पुण्यास औंधच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक वेगळीच परीक्षा झाली. इस्रायलमध्ये बांधकामावर जाऊ इच्छिणाऱ्या कामगारांची ती परीक्षा होती. सेंट्रिंगचे सुतारकाम, सळई वाकवणे, गिलावा आणि फरशी ही चार कामे. पगार महिना लाखाच्या वर. त्या परीक्षेच्या आधी चार-आठ दिवस आमच्या इंदुरीतला एक मुलगा, जो चाकणच्या बाजूला स्लॅबच्या कामावर असतो, संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, जाऊ का?"

मी म्हटले, "घरी काय म्हणतात?"

"आई नको म्हणते. लढाई चाललीय म्हणून. पण मला दुसरंच विचारायचंय. मोबाईलवर एकजण सांगतो, इस्रायलवर बहिष्कार टाका म्हणजे शांतता होईल. दुसरा म्हणतो, बहिष्कारानं वैर वाढतं, शांतता लांब जाते. तुम्ही इतकी वर्षं संप केले, बहिष्कार घातले. खरं काय? आणि मी गेलो तर संपफोड्या ठरतो का?"

त्या संध्याकाळी मला उत्तर देता आले नाही. दहावीच्या पुढे मी शाळेत गेलो नाही. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी संपवून आल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर. परंतु या प्रश्नाने मला पुन्हा पुस्तके काढायला लावली, आणि त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे. जगातल्या एका मोठ्या भांडणाचा न्यायनिवाडा मी करणार नाही. तेवढा माझा वकूब नाही. पण बहिष्कार हे हत्यार मी हाताळलेले आहे. ते कोठे चालते, कोठे उलटते आणि कोणाला लागते, एवढे मला सांगता येईल.

प्रथम ती जागा रिकामी कशी झाली ते सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास माणसे ओलीस धरून नेली. त्यानंतर गाझावर जे युद्ध झाले त्यात हजारो, दहा-दहा हजारांनी मोजावीत इतकी माणसे मेली. त्यात मुलेबाळे किती होती ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. त्या हल्ल्यापूर्वी एक लाखाहून अधिक पॅलेस्टिनी मजूर रोज इस्रायलमध्ये कामाला जात, आणि त्यातला मोठा भाग बांधकामावर असे. हल्ल्यानंतर त्यांचे परवाने बंद झाले. इमारती अर्ध्या राहिल्या. भारत आणि इस्रायल यांच्यात कामगार पाठवण्याचा करार २०२३ च्या मे महिन्यातच झाला होता. आता त्याला वेग आला. प्रथम हरियाणा आणि उत्तर प्रदेश येथे भरती झाली, मग पुण्याला. आपल्या देशातील मध्यवर्ती कामगार संघटनांनी नोव्हेंबर २०२३ मध्येच या भरतीला विरोध नोंदवला होता. म्हणजे, मंडळी, जेरुसलेमचा प्रश्न हा चाकणच्या नाक्यावर येऊन उभा राहिलेला प्रश्न आहे.

आता 'बहिष्कार' या शब्दाकडे वळू. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला. १८८० साली आयर्लंडमध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा एका जमीनदाराचा कारभारी होता. दुष्काळी साल असताना त्याने खंडात पुरेशी सूट दिली नाही आणि कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. कुळांनी त्याला हात लावला नाही; फक्त त्याच्याशी सर्व व्यवहार बंद केले. मजूर येईनात, दुकानदार माल देईना, टपाल कोणी पोचवीना. शेवटी त्याचे पीक काढायला बाहेरून माणसे आणि त्यांच्या रक्षणाला पलटण आणावी लागली, आणि पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च त्यावर झाला.

आपल्याकडे मात्र याहून फार जुना शब्द आहे, तो म्हणजे वाळीत टाकणे. वाळीत टाकणे आणि बहिष्कार घालणे ही दोन्ही एकच समजली जातात, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तेथेच आहे. दिसायला दोन्ही सारखीच: बोलणे बंद, देणेघेणे बंद. पण एक खालून वर जाते, दुसरे वरून खाली येते. एकाच्या हातात मागणी असते. दुसऱ्याची मागणी एवढीच असते की, तू तुझ्या पायरीवर राहा.

हा फरक पाहायला कुलाबा जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाही, म्हणजे आजचा रायगड. बोरघाट उतरले की तो सुरू होतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. नगरपालिकेने ते तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव आधीच केलेला होता. नवे काही मागितले नव्हते. तरी त्याच दिवशी परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. मारहाणीची जखम भरून येते. पण हे लोक आपापल्या गावी परतल्यावर जे झाले ते अधिक विषारी होते. गावोगाव त्यांच्यावर बहिष्कार पडला. शेतावर काम नाही, वाण्याकडे मीठमिरची नाही, वाटेने जाऊ देणे नाही. बाबासाहेबांनी त्याच वर्षी एप्रिलमध्ये काढलेल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, ते उगाच नव्हे. पुढे मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली, तिच्यावर बाबासाहेब स्वतः सभासद होते. त्या समितीने १९३० च्या आपल्या अहवालात स्वच्छ नोंदवले की, दलितांनी हक्क बजावू नयेत यासाठी गावातील बलिष्ठ वर्ग जी साधने वापरतो त्यांत सामाजिक बहिष्कार हे अत्यंत परिणामकारक साधन आहे; कारण ज्याच्याकडे जमीन नाही त्याचे पोट त्याच गावकऱ्यांच्या हातात असते.

हे प्रकरण जुने झाले असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्र विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा २०१६ साली करावा लागला आणि तो २०१७ च्या जुलैपासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गरज संपली असती तर कायदा झाला नसता.

आता त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. अलिबागजवळ चरी नावाचे गाव आहे. तेथे आणि आसपासच्या पंचवीस गावांत खोतांच्या जमिनी कुळे कसत. पीक कुळाने काढायचे, मोठा वाटा खोताने न्यायचा, वर नाना प्रकारचे हक्क आणि वेठ. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवले की, जमीन कसायचीच नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे! आमच्याकडे साठ दिवसांचा संप झाला की घराघरांत भांडणे लागतात. तेथे आगरी बायाबापड्यांनी जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, करवंदे विकली, मासे धरले, आणि शेत पडीक ठेवले. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्याने कुळाला कायद्यात काही स्थान मिळू लागले आणि १९४८ चा कायदा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा होय.

चरीच्या कुळांनी खोताला गावाबाहेर घालवा असे म्हटले नव्हते. त्यांचे म्हणणे मोजता येण्यासारखे होते: वाटा इतका, बेकायदा वसुली बंद, आमचे नाव कागदावर. ज्या दिवशी हे होईल त्या दिवशी नांगर धरू. म्हणून खोताला, सरकारला, आणि कुळालाही, भांडण कोठे संपते ते दिसत होते. बहिष्कार तडजोडीकडे नेतो की वैराकडे, याची माझी कसोटी ही एवढीच आहे. बहिष्कार कोण कोणावर घालतो हे पाहावे, आणि तो कोणत्या अटीवर उठणार हे आधी सांगितले आहे काय, ते पाहावे.

कुलाबा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणून सांगतो, इस्रायलशी आपला संबंध त्याच किनाऱ्याने आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या भागांतले बेने इस्राएल शेकडो वर्षे तेल गाळत आले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, आणि भाषा आपली मराठी. इस्रायल स्थापन झाल्यावर त्यांतले बहुतेक हळूहळू तिकडे गेले. तेथे १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने असा नियम काढला की, इतर ज्यूंशी लग्न करायचे असेल तर बेने इस्राएलांच्या पूर्वजांची चौकशी करावी लागेल. येथे ज्यांना कोणी ज्यू असल्याबद्दल त्रास दिला नाही, त्यांना तेथे जाऊन ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागला! त्यांनी सभा घेतल्या, निदर्शने केली, १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणे धरले. मागणी एकच: ते कलम काढा. त्याच वर्षी तेथील संसदेने ठराव करून ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे मान्य केले, धर्मपीठाने शब्द बदलले, आणि धरणे उठले. चरीच्या जवळच्याच गावांतून गेलेली माणसे ती.

आता पॅलेस्टाइनकडे जाऊ. आपण समजतो की तेथे बहिष्काराची गोष्ट अलीकडची आहे. तसे नाही. इस्रायल स्थापन होण्यापूर्वी, ब्रिटिशांच्या अमलातच, दोन्ही समाज एकमेकांवर बहिष्कार घालीत होते. ज्यूंची मोठी कामगार संघटना हिस्तद्रूत १९२० साली निघाली. कामगार संघटना म्हणून तिची कामे मोठी. तिच्याविषयी मला आदर आहे. पण ज्यू मळ्यांत ज्यू मजूरच लावावेत यासाठी तिचे लोक अरब मजूर ठेवणाऱ्या मळ्यांपुढे निरोधन करीत. एका गरिबाची भाकरी राखायला दुसऱ्या गरिबाच्या दारात उभे राहणे, हे कोणत्याही कामगार संघटनेचे नाक खाली करणारे काम आहे. आणि आपल्याकडे 'भूमिपुत्र' म्हणून जे चालते ते पाहता, आपणही फार टेचात बोलू नये.

अरबांच्या बाजूने १९३६ मध्ये जे झाले ते तर प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचावे. एप्रिलमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. याफा बंदराचे गोदी कामगार बाहेर पडले, दुकाने बंद झाली. सहा महिने! परिणाम काय? याफा बंद पडताच महिन्याभरात शेजारच्या तेल अवीवला नवा धक्का बांधण्याची परवानगी मिळाली. तेथे ज्यू हमाल लागले, आणि याफाचे काम कायमचे वाटले गेले. ऑक्टोबरात अरब राजांच्या आवाहनाचे निमित्त करून संप मागे घेतला गेला; संत्र्यांचा हंगामही तोंडावर आला होता. ज्याच्यावाचून समोरच्याचे अडते त्याच गोष्टीवर बहिष्कार चालतो. ज्याला पर्याय उभा राहतो तेथे बहिष्काराने आपलीच जागा जाते. मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी १९८२ च्या जानेवारीत संप केला, तेव्हा काम भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले. त्यानंतर जे झाले ते गिरणगावात आज उभ्या असलेल्या इमारतींकडे पाहून कळते.

याहून मोठी चूक मला दुसरी वाटते. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची समिती पॅलेस्टाइनला गेली. तिच्यावर भारताचे न्यायमूर्ती अब्दुर रहमान होते, आणि भारत, इराण व युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली. पण पॅलेस्टाइनच्या अरब पुढाऱ्यांनी या समितीवर बहिष्कार घातला. बहुमताची योजना फाळणीची झाली. वस्तूंवर बहिष्कार घालावा, कामावर घालावा. पण बोलण्याच्या खोलीवर घालू नये. कोणी म्हणेल, १९२८ मध्ये आपण सायमन कमिशनवर बहिष्कार घातला होता त्याचे काय? खरे आहे. परंतु आपण त्याच वर्षी नेहरू अहवाल लिहून आपले म्हणणे कागदावर मांडले होते. नुसते खोलीबाहेर राहिलो नव्हतो.

अरब संघाने १९४५ च्या डिसेंबरात ज्यूंच्या मालावर बहिष्कार जाहीर केला आणि पुढे तो इस्रायलवर चालू राहिला. नुसता इस्रायलवर नव्हे, इस्रायलशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांवरही. कोकाकोला अरब देशांत १९६८ पासून १९९१ पर्यंत विकले जात नव्हते ते यामुळेच. पण या बहिष्काराला टोक नव्हते. इस्रायलने काय केले म्हणजे तो उठेल, याचे उत्तर 'इस्रायल नसावे' याखेरीज इस्रायली माणसाला त्यात दिसत नव्हते. ज्यावर सही करायची त्यात आपले नावच पुसायचे असेल तर कोण सही करील? शेवटी इजिप्तने १९७९ मध्ये आणि जॉर्डनने १९९४ मध्ये करार केला तो या बहिष्काराबाहेर पडून.

याउलट बेत साहूर पाहा. बेथलेहेमशेजारचे हे लहान गाव. पहिल्या उठावात, १९८८ मध्ये, तेथील लोकांनी लष्करी अमलाला कर देण्याचे नाकारले आणि इस्रायली माल घेणे सोडले. दुधासाठी अठरा गाई आणल्या. लष्कराने त्या गाई सुरक्षेला धोका ठरवल्या, आणि गाववाल्यांनी त्या लपवल्या. रात्री गोठा बदलायचा, सकाळी दूध वाटायचे. १९८९ मध्ये गावाला सुमारे सहा आठवडे वेढा पडला, घरांतील सामान, यंत्रे जप्त झाली. लोक वाकले नाहीत. पण त्याच काळात इस्रायली नागरिक त्या गावात येऊन लोकांशी बोलत बसत, आणि गावाने त्यांना दार लावले नाही. लष्कराचा कर बंद, इस्रायली माणसाशी बोलणे चालू. पुढे १९९१ ची माद्रिद परिषद आणि १९९३ चा ओस्लो करार झाला. तो टिकला नाही, ही दुसरी दुःखाची कथा. पण दोन्ही बाजू एका टेबलाशी आल्या त्यात या शांत उठावाचा वाटा होता.

त्या गाईंची गोष्ट वाचताना मला आपले तळेगाव आठवले. १९०५ च्या बहिष्काराच्या चळवळीत पुण्याला परदेशी कापडाची होळी झाली ती सर्वांना ठाऊक आहे. पण होळी एका संध्याकाळी विझते. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून जो पैसाफंड उभा राहिला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. परदेशी काच घेऊ नका म्हणणाऱ्यांनी काच करायला शिकवले. बहिष्काराला पाय फुटायचे तर असेच फुटतात.

त्याच चळवळीची एक काळी बाजूही आहे, आणि ती आपण शाळेत शिकवत नाही. बंगालमध्ये हिंदू जमीनदारांचे गुमास्ते गावच्या बाजारात मुसलमान शेतकऱ्यांना आणि किरकोळ विक्रेत्यांना जबरदस्तीने महाग देशी कापड घ्यायला लावू लागले. ज्यांना दोन आणे महत्त्वाचे, त्यांच्या अंगावर देशभक्ती लादली गेली. १९०६-०७ मध्ये मैमनसिंग, कोमिल्ला या भागांत दंगे झाले. त्यांची कारणे अनेक होती, पण हे एक होते. रवींद्रनाथांनी १९१६ च्या 'घरे बाइरे' कादंबरीत हेच दाखवले. तेव्हा बहिष्काराने शांतता बिघडते असे म्हणणारे अगदीच खोटे बोलत नाहीत. बहिष्काराची किंमत जेव्हा तो घालणारा स्वतः मोजत नाही, दुसऱ्या गरिबाकडून वसूल करतो, तेव्हा ती बिघडतेच.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. वीसएक वर्षांपूर्वी आपल्याच पट्ट्यातील एका कारखान्यात आम्ही कँटीनवर बहिष्कार घातला. कारखान्याचे नाव घेत नाही. डाळ पाण्यासारखी, भातात खडे. पहिल्या दिवशी मागणी सरळ होती: जेवण सुधारा, कामगारांची समिती नेमा. पाचव्या दिवशी व्यवस्थापन कबूल झाले. त्याच दिवशी उठायला हवे होते. पण पोरांना चव लागली होती, आणि खरे सांगायचे तर मलाही. आम्ही त्यात ओव्हरटाइमची थकबाकी घातली, एका अधिकाऱ्याची बदली घातली. कोणालाच कळेना, आम्ही कँटीनवर रागावलो आहोत की कोणावर. तीन आठवड्यांनी कंपनीने कँटीनच बंद केली आणि चहाचे यंत्र बसवले. ठेकेदाराची चौदा पोरे, काही नांदेडची, काही बिहारची, एका दिवसात बाहेर. ती आमच्या संघटनेत नव्हती. आम्ही त्यांना विचारलेही नव्हते. त्यातला एक पुढे मला तळेगाव स्टेशनवर दिसला. त्याने मला ओळखले आणि दुसरीकडे तोंड केले.

म्हणून सोडास्ट्रीम कारखान्याचे प्रकरण वाचताना मला ते पोर दिसले. हा कारखाना पश्चिम किनाऱ्यावर, व्यापलेल्या प्रदेशातील इस्रायली वसाहतीत होता. सोडा करण्याची यंत्रे बनवी. बहिष्काराची चळवळ त्याच्यामागे लागली, आणि कायद्याच्या दृष्टीने तिचे म्हणणे बळकट होते. व्यापलेल्या भूमीवर वसाहती करणे आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही. २०१५ मध्ये कारखाना इस्रायलच्या हद्दीत हलला. कंपनीने व्यापारी कारणे सांगितली, चळवळीने विजय मानला. सुमारे पाचशे पॅलेस्टिनी कामगारांची नोकरी गेली. काही थोड्यांना नव्या ठिकाणी नेले होते, त्यांचे परवाने इस्रायल सरकारने २०१६ मध्ये वाढवले नाहीत. बहिष्कार घालणाऱ्याने विचारले नाही आणि सरकारने आत घेतले नाही. मधल्या मधे कामगार गेला. चळवळीचे लोक म्हणतात, वसाहतीतली नोकरी ही गुलामीची नोकरी, ती गेली तर काय बिघडले? चरीच्या कुळांना असे म्हणण्याचा अधिकार होता, कारण उपाशी ते स्वतः राहिले. बेत साहूरवाल्यांनाही होता. लंडनमध्ये बसून तो मिळत नाही.

तथापि एका बाजूचेच सांगून थांबणे बरोबर नाही. ज्याच्याजवळ सैन्य नाही, मतपेटी नाही, त्याने बंदूकही धरू नये आणि बहिष्कारही घालू नये, असे म्हणणारा त्याला एवढेच सांगत असतो की, सहन कर. २००५ च्या जुलैमध्ये दीडशेहून अधिक पॅलेस्टिनी संस्थांनी, त्यांत कामगार संघटनाही होत्या, जगाला बहिष्काराचे आवाहन केले. मागण्या तीन: १९६७ पासूनचा ताबा आणि भिंत संपवा, इस्रायलमधील अरब नागरिकांना पूर्ण समानता द्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या ठरावाप्रमाणे निर्वासितांना परतू द्या. बंदुकीपेक्षा हा मार्ग लाख पटींनी बरा. शस्त्र टाकून मागणी लिहिणाऱ्याचे पहिल्याने स्वागत झाले पाहिजे.

आता हे आवाहन इस्रायलमधल्या साध्या माणसाला कसे ऐकू येते तेही पाहावे. त्याच्या आजोबाने १ एप्रिल १९३३ चा दिवस पाहिलेला असतो, जेव्हा नाझींनी जर्मनीत ज्यूंच्या दुकानांपुढे माणसे उभी करून गिऱ्हाईक परतवले. त्याच्या लेखी 'बहिष्कार' हा चरीचा शब्द नव्हे, महाडनंतरचा शब्द आहे: बलिष्ठाने दुबळ्यावर टाकलेला. तो आज दुबळा नाही हे खरे, पण आठवण तिजोरी पाहून येत नाही. आणि तिसरी मागणी ऐकली की त्याला वाटते, हे ताबा सोडवायला नव्हे, आपल्याला घालवायला आले आहेत. इस्रायलमधले जे लोक ताबा संपवा म्हणतात त्यांतलेही पुष्कळ येथे अडतात. पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी स्वतः २०१३ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत सांगितले की, आमचा बहिष्कार वसाहतींच्या मालावर आहे, सबंध इस्रायलवर नाही. त्यांच्या लोकांतील अनेकांना ते रुचले नाही. मला मात्र त्यात वाटाघाटीला बसणाऱ्याची भाषा दिसते.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते आपल्या अभिमानाचेही आहे. त्या देशाशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत, १९४६ मध्ये. १९८४ मध्ये डब्लिनच्या एका दुकानात मेरी मॅनिंग नावाच्या मुलीने तेथील फळांचे पैसे घ्यायला नकार दिला. तिच्याबरोबर तिचे सोबती अडीच वर्षांहून अधिक काळ संपावर राहिले, आणि आयर्लंडने १९८७ मध्ये तो माल बंद केला. पण तेथे गोऱ्यांना देश सोडून जा असे कोणी म्हणत नव्हते. एक माणूस एक मत, इतकेच. नेल्सन मंडेलांनी तुरुंगातूनच सरकारशी बोलणी सुरू केली होती, आणि बहिष्कार चालू असताना ती चालू राहिली. दाब बाहेरून आणि बोलणे आतून, ही दोन्ही चाके फिरत होती.

माझे मत विचाराल तर ते असे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या देशातील अकरा बंदरांवरच्या साडेतीन हजार गोदी कामगारांच्या फेडरेशनने जाहीर केले की, इस्रायलला जाणारा शस्त्रास्त्रांचा माल आम्ही हाताळणार नाही. हा बहिष्कार मला पटतो. त्यात बोट कशावर आहे ते स्पष्ट आहे, किंमत मोजणारे ते स्वतःच आहेत, आणि मारणे थांबले की तो उठू शकतो. वसाहतींच्या मालावरचा बहिष्कारही पटतो. मात्र तेथील मजुरांना विचारून, त्यांच्या दुसऱ्या कामाची काळजी वाहून. पण तेल अवीवचा एखादा प्राध्यापक, गाणारी बाई, किंवा लोदला राहणारा रोहेकर, यांच्याशी केवळ ते तेथले म्हणून बोलायचे नाही, हे मला वाळीत टाकण्याच्या जवळचे वाटते. उद्या करार करायचा तो यांच्याशीच. ज्यांच्या मतांवर तेथले सरकार बनते आणि पडते, त्यांना आपण बंद खोलीत ढकलले तर आत त्यांच्याशी बोलणारे फक्त त्यांचे कडवे पुढारी उरतात.

बहिष्काराने शांतता येत नाही. कोणत्याही संपाने करार आपोआप येत नाही. संपाने मालक टेबलाशी येतो. तेथे काय मागायचे आणि कोठे थांबायचे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा जिंकलेला संपही वाया जातो. कँटीनच्या पाचव्या दिवशी मला ते ठाऊक नव्हते.

राहिला तो मुलगा. दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. घरावर पतसंस्थेचे कर्ज आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे. अशा घरात उभे राहून 'जाऊ नकोस' म्हणायला जीभ रेटत नाही. मी म्हटले, "तू संपफोड्या नाहीस. तिथली जागा संपानं रिकामी झालेली नाही, बंदीनं झालीय. त्या मजुरांनी काम सोडलं नाही, त्यांना दारात अडवलंय. पण तू गेलास म्हणजे ते दार बंद ठेवणं सोपं होतं, हे समजून जा. आणि करार मराठीत करून घे, सहीच्या आधी मला दाखव."

त्याची आई मधेच म्हणाली, "त्या माणसांचं आता कसं चालतं हो?" मी सांगितले, माहीत नाही, बहुतेकांचे चालत नसावे.

मुलगा औंधला गेला, परीक्षा देऊन आला. निवड झाली नाही. दिवाळीनंतर तो पुन्हा चाकणलाच स्लॅबच्या कामावर लागला. पुढची भरती निघाली तर पुन्हा जायचे म्हणतो, आणि त्याला मी अजून नको म्हटलेले नाही.